सारसाचे चित्र आणि धानाची बांधी

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तहसिलीच्या मुलखात एकीकडे कोळसा जाळून ३३०० मेगावॅट वीज काढणारे औष्णिक केंद्र उभे आहे, तर दुसरीकडे १९७० साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेले आणि २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पात सामील झालेले नागझिऱ्याचे रान आहे. आणि या दोहोंच्या दरम्यान कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव, लहानमोठ्या बोड्या व धानाच्या बांध्या पसरल्या आहेत. वन्य प्राण्यांचे चित्र काढावयास आलेला पाहुणा बहुधा वाघाच्या मागे नागझिऱ्यात शिरतो. परंतु महाराष्ट्रात ज्याचे वास्तव्य पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यापुरतेच उरले आहे, तो सारस पक्षी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर, कोणाच्या तरी सातबाऱ्यावर नोंदलेल्या चिखलात, उघड्यावर आपला संसार थाटतो.

उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, जवळजवळ सहा फुटांचा हा देखणा जीव पावसाळ्यात बांधीत पाणी साठले की गवतकाड्यांचा ढीग रचून त्यावर बहुधा दोनच अंडी घालतो. त्यापायी थोडे धान आडवे होते, आणि शेतकऱ्याचे ते नुकसान कोणत्याही दप्तरात सहसा चढत नाही. वीजवाहक तारा, कीटकनाशके आणि आटत चाललेल्या पाणथळ जागा यांच्या कचाट्यातून वाचलेले सारस आज जिल्ह्यात शंभराच्याही आत आहेत. गोंदियाच्या 'सेवा' या संस्थेचे कार्यकर्ते त्यांची गणना करतात, घरटी राखण्यासाठी शेतकऱ्यांना सोबत घेतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आहे.

आता या कामी चित्रकाराचा काय उपयोग, अशी शंका एखाद्या व्यवहारी वाचकास येईल. तिचे उत्तर मोगल दरबारात सापडते. बादशहा जहांगिराच्या पदरी असलेल्या सारसांच्या जोडीला लैला आणि मजनू अशी नावे पडली होती, आणि मादी रात्रभर अंड्यांवर बसते व नर शेजारी पहाऱ्यावर उभा राहतो, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात एखाद्या पक्षिशास्त्रज्ञाच्या चिकाटीने नोंदवून ठेवले आहे. त्याचाच चित्रकार उस्ताद मन्सूर, ज्याला 'नादिर-उल्-असर' हा किताब होता, त्याने सारसाचा भाऊबंद असलेला सैबेरियन क्रौंच रंगविला. युरोपीय विद्वानांनी त्या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले ते १७७३ साली, म्हणजे चित्रानंतर सुमारे दीड शतकाने. ते चित्र कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये सुरक्षित आहे. पक्षी मात्र भरतपूरला शेवटचा दिसला तो २००२ च्या सुमारास.

दरबारी चित्रकलेची ही कथा. रानाशी नाते सांगणारी दुसरी परंपरा गोंदियाच्या अधिक जवळची आहे. शेजारच्या मध्य प्रदेशातील, त्या वेळच्या मंडला जिल्ह्यात असलेल्या पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांची भिंतीवरची चित्रे पाहून भोपाळच्या भारत भवनाचे जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना शहरात आणले. आणि १९८९ साली पॅरिसच्या 'मॅजिशियन्स द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात जनगढ यांची गोंड चित्रे आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रे जगापुढे मांडली गेली. या गोंड चित्रांजवळ जरा थांबून पाहावे. हरणाची आकृती रेषेने बांधून झाली की आतली जागा ठिपक्यांनी आणि बारीक रेघोट्यांनी भरली जाते. ही भरणी प्रत्येक कलावंताची निराळी असते, इतकी की जाणकार तीवरूनच चित्रकार ओळखतात. आणि शिंगे वाढता वाढता केव्हा झाडाच्या फांद्या झाली, हे डोळ्यांना उशिरा उमगते. 'वन्य जीव वाचवा' असा आक्रोश करणाऱ्या सरकारी भित्तिपत्रकांपेक्षा मला ही चित्रे अधिक प्रामाणिक वाटतात, कारण त्यांत पशूवर दया दाखविलेली नसते. तो घरातलाच असतो.

एवढे असूनही अशी चित्रे पाहणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो, ज्याच्या शेतात सारस कधीच अंडी घालणार नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनात वन्य जीवांची प्रदर्शने भरतात ती भरोत. पण देशी पशुपक्ष्यांच्या चित्रांचे खरे स्थान तिरोड्यासारख्या तहसिलीच्या गावी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी वातानुकूलित दालनाची तजवीज करावयास नको. दिवाळीनंतर पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर नाटके चालतात, आणि रंगविलेल्या पडद्यावरचे अरण्य व राजवाडे येथील प्रेक्षकाने पिढ्यान्पिढ्या मन लावून पाहिले आहेत. त्या मंडपाच्या कनातीला सारस, रानकुत्रे, अस्वल आणि तलावावरची बदके टांगली, तर लोक ती पाहिल्यावाचून पुढे जाणार नाहीत.

असे प्रदर्शन चित्रकाराला मात्र सोपे जाणार नाही. मुंबईचा प्रेक्षक रंगसंगतीची वाहवा करून पुढे सरकतो. येथे पावसाळाभर गुडघाभर चिखलात रोवणी करताना समोरच्या बांधीत सारसाची जोडी पाहिलेला शेतकरी चित्रापुढे उभा राहील आणि विणीच्या दिवसांत डोक्याखालची मान याहून लाल होते, पाय असे करडे नसतात, त्यांवर गुलाबी झाक असते, असे एकामागून एक सांगू लागेल. चित्रकाराने वही उघडून ते लिहून घ्यावे आणि पुढच्या मंडईला सुधारलेले चित्र घेऊन यावे.