जुने घर नवे करताना गरम पाण्याची सोय

पावसाळा सरला की आपल्याकडे घरदुरुस्तीची कामे निघतात. कौले उतरतात, स्लॅब पडतो, मागच्या पडवीतल्या न्हाणीघराच्या जागी टाइल्सचे बाथरूम होते आणि मग पिढ्यान्‌पिढ्या पाणी तापवणारा तांब्याचा बंब कोठे ठेवायचा, असा प्रश्न पडतो. बहुतेक घरमालक हा प्रश्न अगदी शेवटी, रंगकाम चालू असताना सोडवतात. दुकानदार जो माल पुढे करील तो आणतात आणि मग नव्या भिंती फोडतात. आमच्या मते हा निर्णय पाइप टाकण्यापूर्वीच झाला पाहिजे. आपले अनेक बांधव प्लंबिंग, वायरिंग व हार्डवेअरच्या धंद्यात आहेत. त्यांनाही गिऱ्हाइकाला नीट सल्ला देता यावा म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम गरज मोजा. घरात सहा माणसे, प्रत्येकी वीस लिटरची एक बादली, म्हणजे १२० लिटर कोमट पाणी. हिवाळ्यात २० अंशांचे पाणी ४० अंशांवर आणायला सुमारे ३ युनिट वीज लागते. तेच काम गॅसवर केले तर साधारण पाव किलोपेक्षा थोडा जास्त गॅस जळतो, म्हणजे १४.२ किलोची टाकी नुसत्या आंघोळीला ४५ ते ५० दिवस पुरावी. आपला वीजदर व टाकीची किंमत घालून हा हिशेब कोणीही घरबसल्या करू शकतो. पाणी केव्हा लागते, हेही पाहा. फजरच्या वजूला व शाळेच्या वेळी एकदम लागते की दिवसभर थोडे थोडे? रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०३० साली तो जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरअखेर येईल. त्या सहेरीच्या वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना थंड पाणी सोसणार नाही.

विजेचा साठवणीचा गिझर ही सरळ सोय आहे. २५ लिटरच्या टाकीतील ६० अंशांच्या पाण्यात थंड पाणी मिसळले की अडीच बादल्या होतात. २ किलोवॅटचा गिझर पुन्हा तापायला ३५ मिनिटे घेतो. तीन लिटरचा 'इन्स्टंट' स्वस्त पडतो, पण ३ किलोवॅटवर मिनिटाला सुमारे दोन लिटरच कोमट पाणी देतो. हात-तोंड धुण्यास व वजूला ठीक, बादलीसाठी नाही. जुन्या घरात खरी अडचण वायरिंगची असते. लाकडी पट्टीवरची जुनी वायर व अर्थिंग नसलेले सॉकेट यांवर गिझर लावणे म्हणजे ओल्या अंगाने मृत्यूला हात लावणे. मेन बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी लाइन, १६ अँपिअरचे सॉकेट, नवे अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर, एवढे हवेच. माती-चुन्याच्या भिंतीत साधे फास्टनर धरत नाहीत. भरलेल्या गिझरला आरपार बोल्ट किंवा खाली आधार द्या.

गॅस गिझरबद्दल आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. तो लगेच पाणी देतो, वीज गेली तरी चालतो, म्हणून खपतो. पण बंद बाथरूममध्ये तो जळू लागला की हवेतला प्राणवायू कमी होतो व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, पाय लटपटतात आणि कडी काढण्याची शक्ती राहत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, त्यांत नवविवाहित जोडपी असतात, मुले असतात. गिझर व टाकी दोन्ही बाहेर, मोकळ्या हवेच्या भिंतीवर असावीत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. वरची छोटी झरोक्याची खिडकी पुरेशी नाही. आणि आमच्या प्लंबर बांधवांनो, "गिऱ्हाईक म्हणाले म्हणून आत बसवला" हे उत्तर कोणाच्या जनाजानंतर देता येत नाही. पाचशे रुपयांचे काम गेले तर जाऊ द्या.

स्लॅब नवा पडत असेल तर सोलरचा विचार जरूर करा. १०० लिटरला सुमारे दोन चौरस मीटर पॅनेल लागते, तोंड दक्षिणेला, सावली नको. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, हे विसरून अनेकांनी नंतर पुन्हा खर्च केला आहे. २०० लिटरचे भरलेले सोलर दोनशे किलोंच्या वर जाते. जुन्या वाशांवर व कौलांवर ते चढवू नका. बोअरचे पाणी जड असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसतो, तेथे काचेच्या नळ्यांचे सोलर बरे. आदल्या दिवशीच्या उन्हाचे पाणी फजरला मिळते, पण ढगाळ हवेत नाही; म्हणून जोडीला छोटा गिझर लागतोच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. दुकानदार दोन्ही एकत्र करून सांगत असेल तर सावध राहा. काही महापालिका सोलरवर मालमत्ता करात सूट देतात, ती मात्र विचारून घ्या.

काहीही निवडा, गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइपच टाका, साधा पीव्हीसी मऊ पडतो. भिंत बुजवण्यापूर्वी दाब देऊन गळती तपासा, आणि सोलर आज घेणार नसाल तरी गच्चीपर्यंतची लाइन आताच काढून ठेवा.

मशिदीच्या वजूखान्यासाठी किंवा लॉजसाठी पाणी रोज भरपूर लागते. तेथे हीट पंप पाहावा. एका युनिट विजेत तो साधारण तीन युनिटची उष्णता देतो. किंमत जड आहे, घराला सहसा परवडत नाही.

बंबाचे काय? सुतारकाम, वखार किंवा नारळाचा धंदा असेल तर ढलप्या व करवंट्या फुकट असतात. मागे उघडी जागा असल्यास बंब ठेवा, कलईगराकडून आतून कलई करून घ्या. विकायचाच असेल तर भंगारवाल्याच्या अंदाजावर न देता वजन करून, त्या दिवशीचा तांब्याचा भाव विचारून द्या. पुण्याच्या तांबट आळीत चांगला जुना बंब भंगार म्हणून पाहिला जात नाही.

खरेदी करताना 'शून्य टक्के हप्ता' ऐकून खूश होऊ नका. रोख भाव व हप्त्याचा एकूण भाव, प्रोसेसिंग फीसह, दोन्ही कागदावर लिहून मागा. फरक दिसला तर ते व्याजच आहे, नाव काहीही असो. जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि हमीपत्रावर तारीख व शिक्का दुकानातच पाहून घ्या. टाकीची हमी वेगळी आणि हीटिंग कॉइलची वेगळी असते.