आधी ब्रेक, मग बूम!

ड्रॅग कार घेतलीत? अभिनंदन! पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा आवरा बॉस. ही गाडी पळवण्याआधी तिच्यात नुसतं बसायला शिकावं लागतं.

या खेळाचं माहेरघर अमेरिका. रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यती ट्रॅकवर आणायला वॉली पार्क्स यांनी १९५१ साली एनएचआरए ही संस्था काढली. शर्यत पाव मैलाची, म्हणजे जेमतेम ४०२ मीटर. १० सेकंदांच्या आत ते कापणाऱ्या गाडीसाठी वेगळं लायसन्स लागतं. त्यातली एक परीक्षा भन्नाट आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून एकेक स्विच हाताने शोधायचा! कॉकपिटमध्ये धूर भरला, तर डोळे काय कामाचे?

मग बर्नआउट. ओल्या जागेवर मागची चाकं गरागरा फिरवून टायर तापवायचे, म्हणजे पकड येते. पुढे ‘ख्रिसमस ट्री’. पिवळे दिवे, मग हिरवा, की सुटायचं. घाई केलीत तर लाल दिवा, खेळ खल्लास! सुरुवातीला थोडंच अंतर, मग अर्धा ट्रॅक, मग पूर्ण.

सगळ्यात कठीण काय? पाय उचलणं. गाडी भिंतीकडे सरकू लागली, की जिंकणं विसरून रन तिथेच सोडायचा. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा या कसलेल्या ड्रायव्हरचा ट्रॅकवर मृत्यू झाला. त्यानंतर टॉप फ्युएल आणि फनी कार गटांची शर्यत १००० फुटांवर आणली गेली. कशासाठी? थांबायला जास्त जागा मिळावी म्हणून.

वेग काय, गाडी देतेच. थांबायचं कधी, हे मात्र तुम्हालाच शिकावं लागतं.