शिळाछापाचा घरगुती प्रयोग

लाकडी ठशात उंच राखलेला भाग शाई घेतो. ताम्रपटावरील कोरीव चित्रात खोल रेषांत शाई भरते. शिळाछापात मात्र उंचवटा नसतो आणि खाचही नसते. पृष्ठभाग सपाट असूनही शाई नेमकी चित्रावरच बसते. हे कसे घडते, याचा उलगडा घरातील साहित्याने करून पाहता येतो.

शोधाची हकिगत

म्यूनिक येथील नाटककार आलोइस झेनेफेल्डर आपली नाटके स्वस्तात छापण्याच्या खटपटीत होता. १७९६ मध्ये हाताशी कागद नसल्यामुळे त्याने धुण्याच्या कपड्यांची यादी चुनखडीच्या शिळेवर मेणकट शाईने लिहिली. प्रथम त्याने आम्लाने अक्षरांभोवतीचा दगड झिजवून पाहिला. पुढे १७९८ च्या सुमारास, दगड झिजविण्याचीही आवश्यकता नाही, असे त्यास आढळले. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हा गुणधर्मच पुरेसा होता. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये याच पद्धतीने पंचांग छापले.

साहित्य व कृती

शिळेऐवजी अन्न गुंडाळण्याचा अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा घ्यावा. तो काचेवर ताणून कडा चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात. पत्र्यास बोटे लावू नयेत. बोटांचा तेलकटपणाही छापात उमटतो. साबणाच्या वडीने अथवा तेलयुक्त खडूने चित्र काढावे. छाप उलटा येतो, म्हणून अक्षरे आरशात दिसतात तशी लिहावीत.

आता पत्र्यावर कोला पेय ओतावे व काही सेकंदांनी पाण्याने धुऊन टाकावे. नंतर खाद्यतेलात बुडविलेल्या फडक्याने चित्र हलकेच पुसावे. चित्र जवळजवळ नाहीसे होईल, परंतु त्याची चिंता करू नये. ओल्या स्पंजाने पत्रा भिजवावा आणि तेलयुक्त छपाईची शाई रबरी रुळाने फिरवावी. पुसलेले चित्र काळ्या शाईत पुन्हा प्रकट होते. वर किंचित दमट कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासले, की छाप मिळतो.

कारणमीमांसा

कोला पेयात फॉस्फोरिक आम्ल असते. त्याच्या क्रियेने पत्र्याचा उघडा भाग पाणी धरून ठेवू लागतो. चित्राखालील भागास स्निग्ध द्रव्याचे आच्छादन असल्याने तो या क्रियेपासून सुरक्षित राहतो. तेलाने खडू निघून गेला, तरी त्याचा सूक्ष्म स्निग्ध थर मागे उरतो. म्हणून ओला भाग शाई नाकारतो व स्निग्ध भाग तिचा स्वीकार करतो.

सर्व पत्रा काळा झाल्यास पाणी कमी पडले असे समजावे. शाई मुळीच न धरल्यास पाणी अधिक झाले. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि छापाच्या मागे तिची नोंद करावी. अशा दहा-बारा नोंदी जमल्या, म्हणजे दोष कोठे आहे हे विद्यार्थ्यास स्वतःच ओळखता येते.

पाणी व शाई यांचा हाच समतोल ऑफसेट यंत्रावरील कारागिरासही सांभाळावा लागतो. तेथेही शिळेच्या जागी अॅल्युमिनियमचाच पत्रा असतो. त्यावरील चित्र प्रथम रबराच्या आवरणावर व तेथून कागदावर उतरते; म्हणून त्या पत्र्यावरील अक्षरे सुलटी असतात. आज पुस्तके व वृत्तपत्रे बहुतांशी याच यंत्रावर छापली जातात.