भट्टी तापलेली, तरी कण कच्चा!

कडकडीत तेलात एक लहान आणि एक लिंबाएवढे भजे एकदमच सोडा व एकदमच बाहेर काढा. लहान भजे शिजलेले असेल. मोठे मात्र आतून कच्चे. अगदी हीच अडचण मूलद्रव्ये मोजणाऱ्या एका अतिशय संवेदनशील उपकरणातही येते!

दगडात कोणते मूलद्रव्य किती आहे हे पाहण्यासाठी त्यावर लेसरचा झोत मारतात. केसाच्या जाडीएवढा खळगा पडून धूर उठतो. धूर म्हणजे त्या दगडाचेच अतिसूक्ष्म कण. वायूचा प्रवाह त्यांना आर्गॉनच्या प्लाझ्मात नेतो. तेथे कणांची वाफ होते, अणू सुटे होऊन त्यांचे आयन बनतात आणि द्रव्यमान वर्णपटमापक ते मोजतो. ॲलन ग्रे यांनी १९८५ मध्ये ही पद्धत मांडली.

प्लाझ्माचे तापमान सहा-सात हजार अंश, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त. मग कण कच्चा राहतोच कसा? कारण तो तेथे असतो सेकंदाचे काही हजारांश भाग! आता थोडा हिशेब करा. कणाचा व्यास दहापट झाला, की त्यातील द्रव्य हजारपट होते. पण उष्णता घेणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो.

संकेत थोडा दुबळा येईल, एवढेच ना? तेवढ्यावर भागते तर बरे होते. अमेरिकेत बनवलेल्या ‘६१०’ या मानक काचेत युरेनियम व थोरियम जवळजवळ सारखेच, दशलक्ष भागांत सुमारे ४६० भाग आहेत. परंतु थोरियमचे ऑक्साइड अधिक चिवट. मोठ्या कणातून युरेनियम आधी निसटते, थोरियम मागे राहते आणि यंत्र युरेनियम जास्त असल्याचे सांगते! झुरिचच्या गिलाँग आणि ग्युंटर यांनी २००२ मध्ये मोठे कण वाटेतच अडवून पाहिले, तेव्हा हे गुणोत्तर खऱ्याच्या जवळ आले.

झिरकॉन या खनिजाचे वय युरेनियम आणि शिसे यांच्या गुणोत्तरावरून काढतात. शंभर कोटी वर्षांच्या खड्यात हे गुणोत्तर एक टक्क्याने चुकले, तर वय जवळजवळ एक कोटी वर्षांनी चुकते!

म्हणून आता १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार लेसर वापरतात, खळग्यावरून हेलियम वाहवतात. धूर बारीक होतो. तरीही थोडी चूक उरतेच. तेव्हा वय ठाऊक असलेला दुसरा झिरकॉन शेजारी ठेवतात आणि दोघांवर तोच झोत, तेवढाच वेळ मारतात.