आजारी माणसाचा डबा : माया आणि पथ्य

मार्गशीर्ष अमावस्येला येळवस आली की सास्तूर परिसरात घरोघरी भज्जी, उंडे, आंबील आणि गव्हाची खीर रांधली जाते. त्या दिवशी दवाखान्यात किंवा वृद्धाश्रमात असलेल्या आपल्या माणसासाठीही डबा निघतो. हा डबा मायेचा असतो. परंतु तोच डबा चार खाटांवर चार वेगळे परिणाम करतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

मधुमेह असलेल्या आजोबांना खिरीतला गूळ साखरेसारखाच बाधतो. गुळाने काही होत नाही, हा गैरसमज आहे. मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या रुग्णाच्या रक्तात भज्जीतील डाळी व पालेभाज्यांमुळे पोटॅशियम वाढते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शहाळ्याचे पाणी व बाजारातील कमी सोडियमचे मीठ यांचाही त्याला तोच धोका असतो. हृदय कमजोर झालेल्या आजीला मीठ आणि अनेकदा पाणीही मोजून द्यायचे असते. तेथे आंबिलीचा तांब्या व लोणचे नको. अर्धांगवायूमुळे ज्याला नीट गिळता येत नाही, त्याच्या घशात उंडा अडकला तर जीवच जाऊ शकतो. पातळ आंबीलही त्याच्या श्वासनलिकेत उतरू शकते.

मग डबा बंद करावा काय? मुळीच नाही. संस्थेचे जेवण नको म्हणणारे म्हातारे माणूस घरच्या चवीने चार घास जास्त जेवते. पोट भरले नाही तर शक्तीही येत नाही.

यासाठी काही नियम पाळावेत :

१) डबा प्रथम परिचारिकेला दाखवावा. रुग्णाचे नाव, पदार्थ व रांधल्याची वेळ वहीत नोंदवावी.

२) इन्सुलिन घेणाऱ्याने काय व किती खाल्ले, हे परिचारिकेला कळलेच पाहिजे.

३) रांधलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये, कडक उन्हाळ्यात एक तासही पुष्कळ झाला.

४) शेजारच्या खाटेवरील रुग्णाला विचारल्याशिवाय घास देऊ नये.

५) परिचारिकेनेही नुसते ‘नको’ म्हणू नये, काय चालेल, तेही सांगावे.

विनयपिटकातील महावग्गात रुग्णसेवकाचे गुण सांगितले आहेत. पथ्य-अपथ्य ओळखून अपथ्य दूर करणे व पथ्य आणून देणे हा त्यांतील एक गुण. मैत्रीभावाने सेवा करणे हा दुसरा. आपल्या डब्यात हे दोन्ही असावेत.