उशिरा मारलेली उडी

‘सेलेस्ट’ या गेममधली मॅडेलीन धावत कड्याच्या टोकाशी येते, टोक ओलांडते, तिच्या पायांखाली आता नुसती पोकळी असते, आणि तेव्हा कुठे खेळणाऱ्याचं बोट उडीच्या बटणावर पडतं. न्यूटनच्या हिशेबाने तिथेच सगळं आटोपलं. हवेला लाथ मारून कुणी वर जात नाही. मॅडेलीन मात्र उडी मारते, पलीकडचा खडक गाठते आणि खेळणारा स्वतःवरच खूश होतो, की काय बरोबर वेळ साधली! वेळ त्याने साधलेली नसते. त्याला सेकंदाच्या दहाव्या भागाची सूट मिळालेली असते, आणि ती मिळाल्याचं त्याच्या लक्षातही येऊ नये, अशा बेताने ती दिलेली असते.

गेम बनवणाऱ्यांच्या बोलीत या सवलतीला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या कार्टूनमधला तो हावरट कायोटी रोडरनरच्या मागे धावताना कड्यापलीकडे जातो, खाली बघेपर्यंत हवेतच उभा राहतो आणि मग कोसळतो. नाव तिथून आलं. पण कार्टूनमध्ये तो विनोद असतो. इथे तीच गोष्ट कुणाच्या नजरेत येता कामा नये.

सेलेस्ट २५ जानेवारी २०१८ रोजी आला. त्याचं मूळ रूप त्याहून बरंच लहान. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये चार दिवसांत ‘पिको-८’ या काल्पनिक कन्सोलसाठी एक गेम केला. १२८ गुणिले १२८ पिक्सेलचा पडदा, १६ रंग आणि ३२ किलोबाइटची कार्ट्रिज, एवढाच त्याचा संसार. मोठा सेलेस्टही त्या मानाने साधाच राहिला. त्याचं चित्र आतल्या आत ३२० गुणिले १८० पिक्सेलमध्ये रेखाटलं जातं आणि फुल एचडी टीव्हीवर सहापट ताणून दाखवलं जातं. त्यामुळे कामचलाऊ लॅपटॉपवरही तो सुरळीत चालतो.

असे गेम घराघरांत पोहोचले ते डाउनलोडमुळे. २००३ मध्ये स्टीम सुरू झालं, पुढच्या वर्षी एक्सबॉक्सचं ‘लाइव्ह आर्केड’. डिस्क छापायला नको, दुकानाच्या फळीवर जागा मिळवायला नको. २००८ मध्ये ‘ब्रेड’ आणि २०१० मध्ये ‘सुपर मीट बॉय’ याच वाटेने आले. दुसरा तर मुख्यतः दोघांनी मिळून केलेला. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ने केलेला ‘राजी’ हा भिंतीवरून धावणाऱ्या, खांबांवर चढणाऱ्या मुलीचा गेमही २०२० मध्ये पहिल्यांदा निन्टेन्डो स्विचवर डाउनलोड म्हणूनच मिळू लागला. दोन-चार माणसांच्या चमूला शेकडो कलाकारांचं भव्य जग उभं करणं परवडत नाही. त्यामुळे त्यांची मेहनत एखाद्याच हालचालीवर महिनोन्‌महिने खर्च होते. माझ्या मते छोट्या गेमांची खरी कमाई तिथेच आहे, त्यांच्या गोड चित्रशैलीत नाही.

कायोटी टाइमची ही सवलत लागते कशाला? बोट आणि पडदा यांच्यामध्ये बरंच काही घडत असतं, म्हणून. बहुतेक गेम सेकंदाला ६० फ्रेम काढतात, म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. बटण दाबलं की तो संदेश कन्सोलपर्यंत जायला काही मिलिसेकंद. गेम बटणाकडे फ्रेमच्या सुरुवातीला एकदाच बघत असेल आणि बोट जरासं नंतर पडलं, तर पुढच्या फ्रेमची वाट पाहावी लागते. मग हालचालीचं गणित, मग चित्र रेखाटणं, मग ते टीव्हीकडे धाडणं. पुढे टीव्हीची स्वतःची कारागिरी असते. चित्र गुळगुळीत करायचं, रंग उठावदार करायचे, दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतःच रचायची. क्रिकेटची मॅच बघताना हे छान वाटतं, कारण आपल्याला सगळं थोडं उशिरा दिसलं तरी काही बिघडत नाही. गेममध्ये तोच उशीर काही टीव्हींवर सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही पुढे जातो. म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो. तो यातली बहुतेक कारागिरी बंद करतो. कित्येक घरांत तो कधी लावलेलाच नसतो, आणि पोरं बिचारी हरल्याचा दोष स्वतःच्या बोटांना देत बसतात. ब्लूटूथ हेडफोनचीही तीच कथा. उडीचा आवाज कानात येईतो उडी अर्धी संपलेली असते.

यंत्राचा उशीर असा. माणसाचा त्याहून मोठा. दिवा लागला की बटण दाबा, इतक्या साध्या चाचणीतही माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. कार्ड, मोरान आणि नेवेल यांनी १९८३ मध्ये माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराचं एक ढोबळ गणित मांडलं होतं. बघायला सुमारे १००, ठरवायला ७० आणि स्नायू हलवायला ७० मिलिसेकंद. बेरीज २४०, म्हणजे चौदा-एक फ्रेम. मॅडेलीन त्या अवधीत २० पिक्सेलहून पुढे गेलेली असते.

अर्थात कड्याचं टोक दिसलं की मग उडी मारू, असं कुणी खेळत नाही. मेंदू आधीच अंदाज बांधतो. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी २००० साली बोलिंग मशीनसमोर उभ्या असलेल्या फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. फलंदाज चेंडूवर नजर खिळवून ठेवत नाही. चेंडू सुटल्यावर क्षणात त्याची नजर पुढे उडी घेते, चेंडूचा टप्पा जिथे पडेल तिथे जाऊन थांबते. फलंदाज जितका कसलेला, तितकी ही उडी लवकर. गेम खेळणाराही टोकाची वेळ अशीच आगाऊ ताडतो. पण अंदाज म्हटला की तो कधी दोन फ्रेम अलीकडे पडणार, कधी दोन फ्रेम पलीकडे. त्यातून टोकाच्या जितकं जवळ जाऊन उडी मारावी तितकी ती लांब जाते. म्हणजे खेळणारा मुद्दाम धोक्याच्या रेषेला चिकटून वेळ साधू बघतो. त्याच्या निम्म्या चुका रेषेपलीकडे पडल्या तर नवल नाही.

आता सेलेस्टचे आकडे बघू. ते अंदाजाचे नाहीत. मॅडेलीनच्या हालचालीचं कोड तिच्या कर्त्यांनी वाचायला खुलं ठेवलं आहे. तिचा धावण्याचा नेहमीचा कमाल वेग सेकंदाला ९० पिक्सेल. पायाखालची जमीन सुटल्यावर उडी मान्य करण्याची मुदत ०.१ सेकंद. म्हणजे ९ पिक्सेल. टक्कर मोजण्यासाठी गेम तिच्याभोवती जो अदृश्य आयत धरतो, त्याची रुंदी ८ पिक्सेल. सबंध शरीर पोकळीत गेलं तरी पंच बोट वर करत नाही, संशयाचा फायदा फलंदाजाला!

बरं, खेळणाऱ्याला ही लबाडी जाणवत का नाही? इथे मेंदू स्वतःच गेमच्या बाजूने साक्ष देतो. लंडनमध्ये पॅट्रिक हॅगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाने स्वतःहून कळ दाबायची, पाव सेकंदाने एक सूर वाजणार, आणि दोन्ही नेमकं कधी घडलं ते घड्याळाच्या काट्यावरून सांगायचं. लोकांनी कळ दाबल्याची वेळ खऱ्यापेक्षा थोडी पुढची सांगितली आणि सूर वाजल्याची चांगलीच अलीकडची. आपली कृती आणि तिचा परिणाम यांच्यातलं अंतर मेंदू आपलं आपण आखडून घेतो. पुढे २००६ मध्ये स्टेट्सन, ईगलमन आणि सहकाऱ्यांनी याहून मजेदार गोष्ट दाखवली. कळ दाबल्यावर जो प्रकाश चमकायचा, त्यात त्यांनी सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा जादा उशीर घातला. थोड्या वेळाने लोक त्याला सरावले. मग तो उशीर अचानक काढून टाकला, तेव्हा काहींना वाटलं की प्रकाश आधी चमकला आणि कळ आपण नंतर दाबली!

तेव्हा ‘मी वेळेत दाबलं होतं’ हे खेळणाऱ्याचं म्हणणं खोटं नसतं. त्याच्या मेंदूच्या घड्याळात ते खरंच वेळेत असतं. गेमने कड्याच्या टोकाचा काटेकोर नियम लावला तर गणित बरोबर येईल आणि माणसाला अन्याय वाटेल. कायोटी टाइम दोन घड्याळांतला हा फरक भरून काढतो.

उलट बाजूची सवलतही आहे. जमिनीवर पाय टेकायच्या आधीच उडीचं बटण दाबलं गेलं, तर गेम ती मागणी चार-पाच फ्रेम लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच पुरी करतो. डोकं छताच्या कोपऱ्याला अगदी निसटतं आपटणार असेल, तर मॅडेलीनला चार पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून वर जाऊ देतो. भिंतीवरून उडी मारताना भिंत दोन पिक्सेल दूर असली तरी चालते. थॉर्सन यांनी २०२० मध्ये या सवलतींची यादीच जाहीर केली, तेव्हा गेम शेकडो तास खेळलेले लोकही चकित झाले.

उडीतलं गुरुत्वाकर्षण हा तर स्वतंत्र विषय. खऱ्या जगात वर फेकलेली वस्तू एकाच त्वरणाने मंदावते आणि त्याच त्वरणाने खाली येते. मॅडेलीनच्या एका उडीत गुरुत्वाकर्षण अनेकदा बदलतं. बटण दाबून ठेवलं तर पहिले ०.२ सेकंद ती सेकंदाला १०५ पिक्सेल या वेगाने वरच जाते, वेग कमी होतच नाही. जणू पृथ्वी तेवढा वेळ डुलकी काढते. बटण सोडलं की ही सूट तिथेच संपते, म्हणूनच हलक्या टिचकीने छोटी उडी बसते. मग गुरुत्वाकर्षण एकदम जागं होतं, सेकंदागणिक ९०० पिक्सेल प्रतिसेकंद इतकं. मॅडेलीनची उंची दीड मीटर धरली, तर हे आपल्या पृथ्वीच्या बारा-तेरापट भरतं. उडीच्या माथ्याशी मात्र, बटण दाबलेलंच असेल तर, ते निम्मं होतं. तिथे ती जराशी तरंगते आणि कुठे उतरायचं ते ठरवायला खेळणाऱ्याला किंचित अवधी मिळतो. खाली येताना वेगाला एरवी सेकंदाला १६० पिक्सेलची कमाल मर्यादा.

हे सारं खऱ्या भौतिकशास्त्राप्रमाणे केलं असतं तर? पूर्ण उडी साधारण २८ पिक्सेल वर जाते, म्हणजे आपल्या मापाने पावणेचार मीटर. पृथ्वीवर तेवढं वर जाऊन खाली यायला पावणेदोन सेकंद लागले असते. माणसाची जागच्या जागी मारलेली अर्ध्या मीटरची उडी साधारण ०.६ सेकंदात संपते, आणि आपल्या शरीराला उडी म्हणून तोच अवधी ठाऊक असतो. पावणेदोन सेकंदांची उडी फुग्यासारखी वाटेल. उंची देवाची आणि वेळ माणसाचा हवा असेल, तर गुरुत्वाकर्षण वाढवण्यावाचून इलाज नाही. हे शहाणपण जुनं आहे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्येही बटण दाबून ठेवलं की उडी उंच जायची आणि हवेत असताना दिशा बदलता यायची. टीव्हीला कॅसेट लावून आपण ती उडी हजारदा मारली, पण हवेत वळायला मारिओला जोर कुठून मिळतो, असं कुणी विचारलं नाही.

इतक्या सवलती असूनही सेलेस्ट सोपा नाही. एकेका खोलीत पन्नास-साठ वेळा मरणं नेहमीचं. मेल्यावर मात्र डोळ्याचं पातं लवेपर्यंत मॅडेलीन त्याच खोलीच्या दाराशी पुन्हा उभी असते. ही युक्ती सुपर मीट बॉयने आधीच रुळवली होती, आणि तिला शास्त्राचा चांगला आधार आहे. जपानमध्ये कितझावा आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या डोळ्यांवर लोलकाचा चष्मा चढवला. त्यातून सगळं बाजूला सरकलेलं दिसतं, आणि लक्ष्याला बोट लावायला गेलं की नेम चुकतो. काही प्रयत्नांत हात स्वतःला दुरुस्त करून घेतो. पण चूक किती झाली हे दाखवायला अवघा ५० मिलिसेकंद उशीर केला, तरी ही दुरुस्ती कमी पडते, असं १९९५ मधल्या त्यांच्या प्रयोगात दिसलं. चुकीचं फळ हाताला ताबडतोब दिसायला हवं. मेल्यानंतर वीस सेकंद ‘लोडिंग’ची पट्टी दाखवणारे महागडे गेम वैताग आणतातच, शिवाय हाताला शिकू देत नाहीत, असा माझा संशय आहे.

या सवलती थकल्या बोटांसाठी, उशीर करणाऱ्या टीव्हीसाठी ठेवल्या होत्या. त्यांचा सर्वांत पुरेपूर वापर करतात ते मात्र उलट टोकाचे लोक. सेलेस्ट कमीत कमी वेळात संपवणाऱ्यांची एक जमात आहे. त्यांच्यातले काही जण गेम एकेक फ्रेम थांबवत, प्रत्येक फ्रेमला कोणतं बटण दाबायचं ते आधी लिहून काढतात आणि संगणकाकडून खेळवून घेतात. संगणकाच्या हाताला उशीर होत नाही, त्याला माफीची गरज नाही. तरी लांब उडी हवी असेल तेव्हा तोही कड्याच्या टोकावर उडी मारत नाही. टोक ओलांडतो, पोकळीत सूट संपेपर्यंत पुढे जातो आणि अगदी शेवटच्या चालणाऱ्या फ्रेमला बटण दाबतो. आठ-नऊ पिक्सेल फुकट मिळतात.