माकडताप, पुण्याची प्रयोगशाळा आणि श्रीमंतांचे दान

नाताळ आटोपला की आपल्या भागात काजूच्या बागायतींची साफसफाई सुरू होते. पातेरा गोळा करायचा, झुडपे तोडायची, मग मोसम सुरू झाला की मेअखेरपर्यंत रोज सकाळी बोंडू वेचायचे. नेमक्या याच महिन्यांत माकडतापाचे भय असते. गोव्यात हा आजार २०१५ साली सत्तरी तालुक्यातील पाली गावात दिसून आला. पुढच्याच वर्षी आपल्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावात त्याचे रुग्ण सापडले. धारगळहून ही गावे फार दूर नाहीत. माकडाला आणि गोचिडीला तालुक्याची हद्द ठाऊक नसते.

या आजारात घ्यावयाची काळजी आम्ही लेखाच्या शेवटी दिली आहेच. पण त्याआधी एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हा आजार ओळखला कोणी, आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणाचा होता? अलीकडे जगातील धनाढ्य लोक आरोग्याच्या कामाला अफाट पैसा देतात. त्यांच्याविषयी कोणी भक्तिभावाने बोलतो, तर कोणी त्यांच्या नावाने बोटे मोडतो. शेतकऱ्याने याकडे कसे पाहावे, याचा धडा माकडतापाच्या इतिहासात मिळतो.

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने आजारी पडली. प्रथम शंका आली ती पीतज्वराची, कारण त्या रोगातही माकडे मरतात. पीतज्वर भारतात शिरला असता तर हाहाकार उडाला असता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ जंगलात गेले, आणि हा पीतज्वर नसून गोचिडीमार्फत पसरणारा, तोवर जगाला अज्ञात असलेला विषाणू आहे, हे त्यांनी दाखवून दिले. हे केंद्र १९५२ साली सुरू झाले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ते उभारले होते.

हे रॉकफेलर कोण? खनिज तेलाच्या धंद्यात जगातील सर्वांत श्रीमंत झालेले गृहस्थ. मुलगे असल्यापासून ते आपल्या मिळकतीचा काही भाग चर्चला देत. पण त्यांच्या कंपनीने लहान व्यापाऱ्यांना ज्या रीतीने चिरडले, तिच्याविरुद्ध अमेरिकेत मोठा संताप होता. १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडून तिचे तुकडे करावयास लावले, आणि १९१३ साली रॉकफेलर फाउंडेशनची स्थापना झाली.

त्याआधीच, १९०५ साली, एक वाद गाजला होता. रॉकफेलर यांनी अमेरिकन बोर्ड या प्रोटेस्टंट मिशन संस्थेला एक लाख डॉलर दिले. हीच ती संस्था, जिचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आले आणि ज्यांनी पुढे अहमदनगर भागात शाळा व दवाखाने काढले. वॉशिंग्टन ग्लॅडन नावाच्या पाळकांनी या देणगीला उघड विरोध केला. हा पैसा डागाळलेला आहे, तो घेतला तर ज्या अन्यायातून तो आला त्याविरुद्ध बोलण्याचे आपले तोंड बंद होईल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे असे उघडकीस आले की ती देणगी आपण होऊन आलेली नव्हती, संस्थेनेच ती मागितली होती. अखेर पैसा ठेवून घेतला गेला. वाद मात्र मिटला नाही, आणि तो आजही मिटलेला नाही.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले ते सर जमशेटजी जीजीभाई यांच्या उदार देणगीतून. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनला अफू पाठविण्याच्या व्यापारातून आला होता, आणि त्या व्यापारात त्यांच्या साथीदारांपैकी एक होता रोजेरियो द फारिया हा गोमंतकीय ख्रिस्ती व्यापारी. अफूने चिनी घरे उद्ध्वस्त झाली आणि त्याच पैशाने मुंबईत लाखो गरिबांना औषध मिळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. डिचोली व सत्तरीच्या खाणपट्ट्यातील शेतकऱ्यालाही हे सांगायला नको. पावसाळ्यात खाणीची माती वाहून शेतात गाळ साचायचा, आणि खाणीच्याच पैशातून शाळेला वह्या व गावाला टँकरचे पाणी यायचे. वह्या मुलांच्या उपयोगी पडल्या, पण म्हणून शेतातला गाळ निघाला नाही.

आता पुण्याच्या केंद्राकडे परत येऊ. परदेशी पैशाविषयी आपल्या देशातही संशय होताच. माकडतापाचा विषाणू रशियातील एका विषाणूच्या जवळचा निघाला, म्हणून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर गोचीड येते की काय, हे पाहण्यासाठी पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून अभ्यास झाला. पुढे अशा कामात अमेरिकन लष्कराचा पैसा आल्याचे उघड झाल्यावर गदारोळ झाला. रोगजंतूंच्या युद्धाची ही तयारी तर नाही ना, असे लोक विचारू लागले. १९७५ साली संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी साहाय्याने चालणाऱ्या संशोधनावर कडक अहवाल दिला. दिल्लीत डासांवर चाललेला एक प्रकल्प त्याच सुमारास बंद झाला. प्रश्न विचारणारे लोकांचे निवडून दिलेले प्रतिनिधी होते. त्यांना अडाणी म्हणता येणार नाही. आपल्या भूमीवर कोण काय तपासतो आणि ती माहिती कोठे जाते, हे विचारण्याचा अधिकार घरमालकाला असतोच.

पुण्याचे केंद्र मात्र टिकले. रॉकफेलर फाउंडेशनने आपला हात काढून घेतल्यावर सारा खर्च भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने उचलला. १९७८ साली केंद्राला राष्ट्रीय विषाणू संस्था हे नाव मिळाले. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा याच संस्थेने विषाणू वेगळा केला, आणि त्याच्यापासून पुढे कोव्हॅक्सीन ही लस तयार झाली. दाता गेला, पण शिकलेली माणसे, उपकरणे आणि कामाची शिस्त येथेच राहिली. आमच्या मते दानाची खरी परीक्षा हीच आहे. देणारा निघून गेल्यावर घेणाऱ्याच्या हातात काय उरते, ते पाहावे.

याच कसोटीवर आजचे सर्वांत मोठे दाते बिल गेट्स यांच्या फाउंडेशनकडे पाहू. पोलिओ हटविण्याच्या कामाला त्यांनी जगभर फार मोठे साहाय्य केले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २०१४ साली आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. मात्र भारतातील खर्चाचा मोठा भाग आपल्याच सरकारने उचलला, आणि घरोघर डोस पाजले ते आपल्याच अंगणवाडी सेविकांनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी. हे श्रेय त्यांच्यापासून कोणी हिरावून घेऊ नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत, गेट्स फाउंडेशनच्या पैशातून, पाथ नावाच्या संस्थेने मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प काढला. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, आणि ही लस आज अनेक देशांत दिली जाते. पण संमतीची गोष्ट वेगळी. कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदेच्या समितीने यावर अत्यंत कडक शब्दांत ठपका ठेवला. औषध चांगले असले तरी गरिबाला न विचारता ते देणे हा त्याचा अपमान आहे.

कोरोनाच्या काळात मात्र संशयाने अफवेचे रूप घेतले. लशीतून गेट्स यांची चिप अंगात शिरते, असे संदेश गावोगाव फिरले. वास्तविक गेट्स फाउंडेशनने २०२० साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला गरीब देशांसाठी लस बनविण्याकरिता आर्थिक पाठबळ दिले होते, एवढीच ती गोष्ट. प्रश्न विचारणारा उत्तराची वाट पाहतो. अफवा पसरविणाऱ्याला उत्तर नकोच असते. त्याच्या नादी लागून ज्यांनी लस घेतली नाही, त्यांनी धोका आपल्या घरातील वृद्धांना दिला.

ख्रिस्ती माणसाने याविषयी काय भूमिका घ्यावी? प्रभूने मंदिराच्या दानपेटीजवळ बसून धनवानांची दाने पाहिली आणि गरीब विधवेच्या दोन दमड्या मोठ्या ठरविल्या. पण त्याच प्रभूने श्रीमंत जक्कयच्या घरी पाहुणचारही घेतला. जक्कयने अर्धी संपत्ती गरिबांना देऊ केली, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. दान आणि परतफेड या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या. दान दिले म्हणून देणे फिटत नाही. तसेच दाता मोठा म्हणून त्याची प्रत्येक गोष्ट मान्य करावी असेही नाही. २०१२ साली लंडनमध्ये गेट्स फाउंडेशनने कृत्रिम कुटुंबनियोजनासाठी मोठा निधी जाहीर केला. तेथे ख्रिस्तसभेची शिकवण वेगळी आहे. पोलिओच्या कामाबद्दल आभार मानताना हे सांगण्यास संकोच नसावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०४५ अखेर आपले फाउंडेशन बंद करणार, असे गेट्स यांनी २०२५ साली जाहीर केले आहे. कितीही मोठा दाता असो, तो एक दिवस जाणारच. माकडताप तर कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, गोवा आणि महाराष्ट्र या पाच राज्यांच्या डोंगरपट्ट्यातला आजार. त्यासाठी परदेशी थैली सुटेल म्हणून आपण वाट पाहत बसू नये. त्याची जुनी लस पुरेशी प्रभावी न राहिल्याने २०२२ नंतर वापरातून गेली. नव्या लशीचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतले आहे, तेही जनतेच्या पैशातून. आपल्या धारगळला २०२२ साली उभे राहिलेले आयुर्वेद संस्थेचे रुग्णालयही सरकारी खर्चाचे, म्हणजे आपल्याच कराचे आहे. दात्याच्या पाटीपुढे आपण वाकतो, पण सरकारी आरोग्य केंद्रात हक्काने प्रश्न विचारीत नाही, हे बरे नव्हे.

म्हणून गावात आरोग्याची एखादी देणगी किंवा योजना आली, तर ग्रामसभेत चार गोष्टी शांतपणे विचाराव्यात. पैसा कोणाचा? संमती कोणाची, आणि ती आपल्या भाषेत समजावून घेतली आहे काय? काही अपाय झाल्यास उपचार कोण करणार? आणि योजना संपल्यावर गावात काय उरणार? प्रामाणिक दाता या प्रश्नांनी रागावत नाही.

आता माकडतापाची काळजी. डिसेंबर ते मे या काळात बागायतीत किंवा रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा व लांब पॅंट घालावी, पॅंटची टोके मोज्यांत खोचावीत. आरोग्य केंद्रात मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला लावावे. पातेऱ्यावर बसू वा निजू नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावे, साबणाने स्नान करावे आणि अंग नीट तपासावे. गोचिडीचे पिल्लू अगदी बारीक असते. रानात चरणाऱ्या गुरांच्या अंगावरील गोचिडींसाठी पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध फवारावे. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य खाते व वन खात्याला कळवावे. अचानक जोराचा ताप, कपाळ दुखणे, अंग विलक्षण ठणकणे, उलट्या किंवा रक्तस्राव झाल्यास त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासावे, आणि आपण काजूच्या रानात काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एकदा उतरलेला ताप आठ-पंधरा दिवसांनी उलटू शकतो. या आजारावर खास औषध नाही, पण वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, तेव्हा आजाऱ्याला वाळीत टाकू नये.

बागायतीत कामाला येणाऱ्या गड्यांना आणि बायांनाही हे तेल मालकाने आपल्या खर्चाने द्यावे. हे दान नव्हे, ते आपले देणे आहे.